लोखंडाची जीभ

बुरुलने होकार दिलाच नव्हता. पण हे तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ओरडून सांगायला तिच्याजवळ आवाज नव्हता.

त्याचं असं झालं. मंगळवारी दुपारी सासूने, बातमाआपाने, गावातली चार जाणती माणसं घरी बोलावली. पाव-लोणी झालं, दुधाचा चहा झाला, यंदाचं गवत मार्चपर्यंत पुरेल की नाही याची चर्चा झाली. मग सगळ्यांत वयस्क असलेल्या जुमाबाय आजोबांनी घसा साफ केला आणि दाराशी किटली घेऊन उभ्या असलेल्या बुरुलकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझा तिलेक थोरल्या जावेच्या ओटीत घालावा असं तुझ्या सासूच्या मनात आहे. अकरा वर्षं झाली, गुलैमची कूस उजवली नाही. तुझी तब्येत ही अशी. पोर काही परक्याकडे जात नाही, तीन घरं सोडून जातंय. तुझं काय म्हणणं?"

वडीलधाऱ्याने असं विचारलं की सुनेने आधी गुडघ्यावर हात ठेवून वाकायचं आणि मग बोलायचं. बुरुलला या घरात येऊन चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत ती इतक्यांदा वाकली होती की पाठ आता तिला विचारतसुद्धा नव्हती. ती वाकली. सरळ झाली, 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा आली. तोवर चौघांनी ओंजळी वर धरल्या होत्या. "ओमीन" म्हणून चौघांनी तोंडावरून हात फिरवले आणि विषय संपला. शुक्रवारी मेंढा कापायचं ठरलं. सुनेने मान तुकवली, माणसांना आणखी काय हवं असतं!

बुरुलचा आवाज गेला तो हिवाळ्याच्या तोंडाशी. गळ्यावरचा गलगंड बाळंतपणात एवढा वाढला की तिला घास गिळवेना. राजधानीत, बिश्केकला नेऊन तो कापला. कापताना आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत येईल परत, आणि नाही आला तर... एवढं म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याचा कागद हातात घेतला. ती इस्पितळात होती ते तीन आठवडे दोन महिन्यांचा तिलेक आपल्या पाळण्यासकट गुलैमकडे होता. गुलैमचा गळा गोड. 'अल्दे, अल्दे' अशी अंगाई म्हणत ती पाळण्यावर झुकली की पोर दुसऱ्या कडव्याला डोळे मिटायचं. बुरुल परत आली तेव्हा पोराने तिच्या छातीचं दूध ओळखलं, तिला मात्र ओळखलं नाही. फाटक्या भात्यातून येतो तसला तो फसफस आवाज ऐकून त्याने जो टाहो फोडला तो पोर पाच महिन्यांचं झालं तरी थांबला नव्हता. दूध प्यायचा आणि रडायचा. गुलैमकडे नेलं की झोपायचा, आणला की जागा. झोप नाही म्हणून अंगाला काही लागेना, मांड्यांची कातडी सैल पडली. बातमाआपाचं काळीज काही दगडाचं नव्हतं. तिला नातू जिवंत हवा होता, आणि तो कुणाच्या घरात मोठा होतो याची तिला फिकीर नव्हती.

त्या मंगळवारी माणसं गेल्यावर गुलैम तिलेकला पोटाशी धरून आपल्या घरी घेऊन गेली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. बुरुल रिकाम्या पाळण्याशी बसून राहिली. डोकं सुन्न, हात सवयीचे. हाताने कधी पाळणा हलवायला घेतला हे तिला कळलंसुद्धा नाही.

"अगं ए! रिकामा पाळणा हलवतेस?" बातमाआपा हातातली पेटवणाची शेणी टाकून धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी पाळणा दाबून धरला. "पोर द्यायचं जिवावर आलं म्हणून पोराच्या जिवावर उठलीस का?"

बुरुल उठली, सासूच्या डाव्या कानाशी, तो त्यातल्या त्यात बरा होता, तोंड नेऊन म्हणाली, "आपा, मी हो म्हटलं नाही."

"काय? जरा मोठ्यानं बोल." असं म्हणून बातमाआपाने स्वतःचीच जीभ चावली.

"मी नुसती वाकले. नाही म्हणणार होते."

बातमाआपा शेगडीजवळ मटकन बसली. बराच वेळ तिने शेणीचे तुकडे केले, मग म्हणाली, "चार दाढ्या तुझ्यासमोर ओमीन म्हणून गेल्या. आता त्यांच्या दारात जाऊन मी काय सांगू, की आमच्या सुनेची मान चुकून खाली गेली? आणि गुलैमला कोण सांगणार? तू सांगतेस? सांग जा, बघू कुठल्या तोंडानं सांगतेस ते."

बुरुलने तिचे पाय धरले.

"सोड. पाय धरून पोरं झोपत नाहीत. ऐक, मी काही लांडगी नाही. शुक्रवारच्या आत माझ्या डोळ्यांदेखत, नाहीतर चार माणसांदेखत, एकदा तुझ्या हातानं पोर निजव. निजलं तर मी जुमाबाय आजोबांसमोर नाक घासेन. नाही निजलं, तर मग माझ्यापुढे डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

म्हणजे हातात बुधवार होता, गुरुवार होता, आणि शुक्रवारची सकाळ.

बुधवारी तिने डब्यात बाजरी घालून खुळखुळवली. तिलेक दचकला. दात आवळून 'श्श्श' केलं तर त्याने ओठ काढला. कपडे धुवायच्या पाटावर मुठी घासून पाहिल्या, पाळण्याच्या दांडीला घोड्याच्या सामानातली घंटी बांधून पाहिली. पाळण्याला पट्ट्यांनी बांधलेलं ते एवढंसं गाठोडं लालभडक होऊन ओरडत होतं, आणि त्याची आई त्याच्यावर झुकून घामाघूम होत होती. पट्टे बांधलेल्या पोराला निदान हातपाय तरी झाडता येत नाहीत. बुरुलला झाडता येत असूनही उपयोग नव्हता.

नवरा एरमेक रशियात, नोवोसिबिर्स्कला बांधकामावर गाडी हाकत होता. त्याला तिने फोनवर सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं: 'आई म्हणते ते विचार करूनच म्हणत असेल. दादाचंच घर ना? पोर डोळ्यांसमोर राहील.' पाठोपाठ त्याने एक आवाज पाठवला. 'इथले लोक हा लावतात. धूळ ओढायच्या यंत्राचा आहे. पोरं पटकन झोपतात म्हणे.'

तिने लावला. कोपऱ्यातला कुत्रा गुरगुरत उठला. बातमाआपा बाहेरून ओरडली, "काय पेटलं गं घरात?" तिलेक क्षणभर गप्प झाला, आणि मग त्या यंत्राच्याही वर त्याने सूर लावला.

एरमेकवर चिडायलाही बुरुलकडे आवाज नव्हता. नवरा जवळ नसला की बायकोचं भांडण निम्मं होतं, आणि आवाज नसला की ते उरतच नाही. बसल्या बसल्या तिच्या मनात एक विचार चमकून गेला. तिने लिहिलं: 'माझा जुना आवाज आहे का रे तुझ्याजवळ? ऑपरेशनच्या आधीचा?'

गुरुवारी सकाळी तो आवाज आला. एकच तुकडा, वीस सेकंदांचा. त्यात अंगाई नव्हती, प्रेमाचे चार शब्द नव्हते. कामात असताना घाईघाईने बोललेलं होतं: 'एरमेक, गाय व्यायली. तांबडं वासरू आहे, कपाळावर पांढरा ठिपका. तुमच्याकडे उणे तीस झालंय म्हणे. टोपी घाल. ऐकतोस का? अरे, टोपी घाल!'

तिलेक गप्प झाला.

गप्प होऊन त्याने मान वळवली. पोटात असताना नऊ महिने, आणि बाहेर आल्यावर दोन, त्याने हाच आवाज ऐकला होता. त्याचं तोंड हसल्यासारखं झालं. तिने पुन्हा लावला. पुन्हा वासरू, पुन्हा टोपी. फोन तिने आपल्या हनुवटीशी धरला, आणि आवाजाबरोबर ओठ हलवू लागली, म्हणजे त्याला कळावं की ही मीच आहे, तुझी आई, हे माझ्याच तोंडातून येतंय. तिलेकने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो फोनकडे पाहत होता. वीस सेकंद संपले की त्याचा ओठ थरथरायचा, पुन्हा लावेपर्यंत किंकाळी सुटायची. तेविसाव्या वेळी बातमाआपा येऊन उभी राहिली.

"निजला?"

बुरुलने नकारार्थी मान हलवली.

"हे निजवणं नव्हे गं पोरी. त्याला त्याची आई दाखवायची आणि काढून घ्यायची, दाखवायची आणि काढून घ्यायची. कोंबडीच्या पिलालासुद्धा असं कुणी छळत नाही." एवढं बोलून तिने डोक्याला रुमाल बांधला आणि ती शुक्रवारच्या जेवणाचं आवतण द्यायला घराबाहेर पडली.

बुरुलने फोन गादीखाली सारला. माणसाला शेजारणीचा मत्सर वाटतो, जावेचा वाटतो. तिला त्या दिवशी स्वतःचाच मत्सर वाटला, त्या टोपी घाल म्हणणाऱ्या बाईचा. अशी वेळ कुणावर येऊ नये.

मग ती उठली. हरली होती ती. पोराचे कपडे बांधून द्यायला हवे होते, ते तरी रीतसर द्यावेत म्हणून तिने आपली माहेरची पेटी उघडली. वरती तिलेकची लोकरीची अंगडी, खाली तिच्या लग्नातल्या चादरी, आणि चादरीच्या घडीत बोटाएवढी लाकडी डबी. डबीत तिचा तेमिर-कोमुझ होता. म्हणजे काय तर घोड्याच्या नालासारखी वाकवलेली चिमुकली लोखंडी चौकट, आणि तिच्यामध्ये पोलादाची बारीक जीभ. पोरी उन्हाळ्यात कुरणावर कोकरं राखताना वाजवतात आणि लग्न झालं की विसरतात. तिच्या आईने कधी ठेवला होता कोण जाणे.

तिने तो दातांना लावला आणि बोटाने जीभ छेडली. दुसरा काही विचार नव्हता, नुसतं दुःख होतं, आणि हातात आलेली वस्तू. लोखंड घुमलं. तिने ओठ गोल केले तर ते गोल घुमलं, ओठ फाकवले तर उघडं झालं. 'अल्दे' म्हणायला तोंड जसं होतं तसं तिने केलं, घशाला न विचारता. आणि लोखंड म्हणालं, 'अल्दे'.

या वाद्याला गळा लागतच नाही! लागतं ते तोंड आणि श्वास. ते दोन्ही कापायला डॉक्टर विसरले होते.

तिलेक रडता रडता थांबला होता. डोळे विस्फारून कान देत होता. बुरुल पाळण्याकडे गुडघ्यांवर सरकत गेली, दूध पाजताना टेकतात तशी तिने पाळण्याच्या वरच्या दांडीला हनुवटी टेकली, आणि वाजवत राहिली. घरघर दातांतून हाडात गेली, हाडातून दांडीत, दांडीतून पोराच्या उशाखालच्या लाकडात. एकदा पोलादाची जीभ ओठाला लागून रक्त आलं. तिने ते चाटून टाकलं. पोराच्या मुठी सैल झाल्या. एक डोळा मिटला. दुसरा मिटता मिटता एकदाचा तिच्या तोंडाकडे वळला, तिच्याच तोंडाकडे, आणि मिटला.

कितीतरी वेळाने तिने मान वर केली तेव्हा दारात गुलैम उभी होती. कपड्यांचं गाठोडं न्यायला आली होती. तिने झोपलेल्या पोराकडे पाहिलं, बुरुलच्या रक्ताळलेल्या ओठाकडे पाहिलं. पेटीशी पडलेली अंगडी स्वतःच गाठोड्यात बांधली आणि आली तशी गेली.

बातमाआपा परतली तोवर तिलेक झोप पुरी करून उठला होता आणि रडत होता. बुरुलने तिच्या कानाशी धडाधड सगळं सांगितलं. वाजवूनही दाखवलं, पण पुरती झोप झालेलं पोर रडायचं थांबलं, निजलं मात्र नाही. म्हातारीने कोमुझ उलटासुलटा करून पाहिला. "आणि पाहिलं कुणी?"

"गुलैमएजेने." थोरल्या जावेला ती एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

लगेच तीन घरांपलीकडे निरोप गेला. गुलैम आली. तिने अंगणातच बूट झटकले, आत पाऊल टाकलं नाही. सासूने विचारलं, "ही म्हणते पोर हिच्या हातानं निजलं. तू पाहिलंस?"

गुलैम जमिनीकडे बघत म्हणाली, "नाही आपा. मी आले तेव्हा पोर जागंच होतं."

बुरुलला वाटलं होतं की आपल्याला तिचा राग येईल. तो आला नाही. गुलैमने आजवर तिच्या केसांत कंगवा घातला होता, इस्पितळात असताना तिचं पोर सांभाळलं होतं, आणि आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. बोलायची सवय नसल्यामुळे तिचे कान लाल झाले होते.

"उद्या चार माणसांदेखत वाजवीन," बुरुल म्हणाली.

"आज रात्रीपासून पोर गुलैमकडे, आणि उद्या तिच्या पाळण्यात," बातमाआपा म्हणाली. "आणि तुझ्या हातात किटली."

तसंच झालं. शुक्रवारी दुपारी गुलैमच्या घरात जाजमावर दाटीवाटीने माणसं बसली. अंगणात मेंढ्याची कढई उकळत होती. मधोमध गुलैमचा पाळणा ठेवला होता. तिच्या माहेरहून लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच आलेला, तांबड्या रंगाचा, दहा वर्षं लोकरीच्या नमद्यात गुंडाळून ठेवलेला. रंगाला ओरखडासुद्धा नव्हता. बातमाआपाने तिलेकला गुलैमच्या झग्याच्या घोळात घातलं, घोळातून बाहेर काढलं, आणि बायका म्हणाल्या, "घ्या, झालं बाळंतपण! कळा जास्त नाही ना आल्या गं?" गुलैम हसली, रडली. आता पोर पाळण्यात निजलं की आजोबा दुवा मागणार, आणि मग ते पोर गुलैमचं. निजलेलं पोर नव्या पाळण्यातून उचलून परत नेत नाहीत.

गुलैमने पट्टे बांधले आणि गायला लागली. बुरुल चहा ओतत होती. पेल्यात निम्माच ओतायचा, भरून दिला तर पाहुण्याला हाकलल्यासारखं होतं. ती भरून देत सुटली होती. तिचं लक्ष पाळण्यात होतं. तिलेकचं रडणं मुसमुसण्यावर आलं. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्याला त्याची पापणी जड झाली. 'नको रे,' बुरुल मनात म्हणत होती, 'आजचा दिवस नको झोपूस, रड, माझ्या राजा, रड.' आपल्या पोराने रडावं म्हणून देवाला हात जोडणारी आई त्या घराने पहिल्यांदाच पाहिली असेल. पापणी खाली आली.

आणि गुलैमचा आवाज फुटला. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते दोन ओळींवर आलं होतं, आणि तिचा गळा दाटला. तिने सूर धरायचा प्रयत्न केला, हुंदका निघाला. पुन्हा धरला, पुन्हा हुंदका. तिलेकने खाडकन डोळे उघडले आणि किंचाळला.

बुरुलने किटली खाली ठेवली. जुमाबाय आजोबांचा पेला पुढे आलेला तसाच राहिला. सून चहा अर्धा टाकून भर बैठकीतून पाळण्याकडे चालत गेली, तेव्हा बायकांनी रुमालाची टोकं तोंडाला लावली. तिने खिशातून कोमुझ काढला, दातांना लावला, तांबड्या दांडीवर हनुवटी टेकली. लोखंड बोलायला लागलं. लोक आधी कुजबुजले, मग गप्प झाले. कढई तेवढी अंगणात खदखदत राहिली.

तिलेक तिच्या तोंडाकडे बघत होता. बघता बघता झोपला.

बातमाआपा उठून जुमाबाय आजोबांसमोर आली. "आजोबा, माझी चूक झाली. ही पोर त्या दिवशी नाही म्हणणार होती. ओमीन परत घेता येतो का?"

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. "मेंढा काही परत उभा राहायचा नाही. पण आईचं पोर आईकडे राहिलं, हेही जेवायला निमित्त झालंच की. उचला पोराला. नवा पाळणा म्हणता, तर त्याचा दोष माझ्यावर."

पट्टे गुलैमनेच सोडले. एकेक गाठ सावकाश सोडत गेली. तिलेक जागा झाला नाही. तिने त्याला उचललं, नाकाने त्याची टाळू हुंगली, बुरुलच्या हातांत दिलं आणि म्हणाली, "काल निजला होता. मी पाहिलं होतं."

मग लोक जेवायला सरकले, ताटं आली, गलका झाला. बुरुल पोराला पोटाशी धरून निघाली. दाराशी तिने मागे वळून पाहिलं.

गुलैम पाळण्याशी तशीच बसली होती. तिचा हात दांडीवर होता, आणि रिकामा पाळणा हलत होता. बातमाआपाने ते पाहिलं. तिचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं, पाठ फिरवली, आणि लोकांना रस्सा वाढायला लागली.

बुरुलला काहीतरी म्हणायचं होतं. ते म्हणायला तिच्याकडे आवाज नव्हता, आणि लोखंडालाही ते म्हणता आलं नसतं.